खजुरीचे पंच

गेटवर मॅनेजर शाल आणि हार घेऊनच उभे होते.

हुमनाबादच्या इंडस्ट्रियल एरियातला तो केमिकलचा कारखाना. आदल्या दिवशी तिथे रिअ‍ॅक्टरचं झाकण उडून एक ऑपरेटर दगावला होता. चौकशी आमच्या खात्याकडे होती. कारखान्यांची सुरक्षा तपासणं हे आमचं काम. मी नोकरीत नवीन होते. हिरेमठ साहेब माझे वरिष्ठ, मूळचे धारवाडकडचे. यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. शोकसभेत मला दोन वाक्यांच्या पुढे बोलता आलं नाही. त्या दिवशी सांगायचं राहिलं ते आता सावकाश लिहिते आहे.

साहेबांनी हात जोडून शाल नको म्हटलं. पण आमच्या भागात कोणी अधिकारी दारात आला की शाल, हार आणि फोटो हे ठरलेलं. त्यात विचार नसतो, हात आपोआप उठतात. माणूस मेला आहे म्हणूनही ते थांबले नाहीत. साहेबांचं नको म्हणून होईपर्यंत शाल खांद्यावर पडली होती. त्यांनी ती लगेच काढून वॉचमनच्या टेबलावर ठेवली. फोटो मात्र निघाला होता.

आम्ही प्लांटमध्ये गेलो. रिअ‍ॅक्टर म्हणजे दोन माणसं आत उभी राहतील एवढं बंद पातेलं. बाहेरून वाफ देऊन आतलं रसायन तापवतात. आत दाब वाढला तर तो बाहेर पडायला वाट हवी. त्यासाठी वरच्या बाजूला धातूची एक पातळ चकती बसवतात. तिला रप्चर डिस्क म्हणतात. दाब हाताबाहेर गेला की आधी ती फुटते आणि वाफ एका पाइपमधून गच्चीवर निघून जाते. कुकरची शिटी अडकली की छोटा वॉल्व्ह उडतो, तसंच हे. चकती मरते, माणूस वाचतो.

"ऑपरेटरची मिस्टेक, सर," मॅनेजर म्हणाले. "स्टीम चालू ठेवून मोबाईलवर बोलत बसला. डिस्क फुटली, पण प्रेशर एवढं होतं की झाकणच उडालं."

त्यांनी चकती दाखवली. ती खरोखर फुटलेली होती, अगदी फुलासारखी उमललेली. साहेबांनी ती उजेडात धरली, उलटसुलट केली आणि मला दिली.

"काय वाटतं?"

"फारच स्वच्छ आहे, सर."

मग त्यांनी वर जाणारा पाइप पाहिला. त्या कारखान्यात बनणारं रसायन पिवळं होतं. भिंती, जमीन, कामगारांची नखं, सगळं पिवळं. चकती खरंच अपघातात फुटली असेल तर वाफ पाइपमधून गेली असणार आणि पाइप आतून पिवळा असणार. चकती नंतर आणून बसवली असेल तर पाइप कोरा असणार. एवढी साधी परीक्षा.

मॅनेजरनी लगेच फिटर बोलावला. त्यांच्याकडे महजरला दोन पंचही तयार होते. महजर म्हणजे जागेवर केलेला पंचनामा. आमच्याकडे कन्नड कागदावरचा हाच शब्द मराठीतही चालतो. ते दोन पंच समोरच्या ढाब्यावरचे. त्या एरियातल्या बहुतेक महजरांवर त्यांच्याच सह्या असत.

"आज उघडायचा नाही," साहेब म्हणाले. त्यांनी पाइपच्या दोन्ही टोकांना दोरी बांधून लाख लावली, त्यावर खात्याची मोहर उमटवली आणि प्लांटवर एक पोलीस बसवायला सांगितलं.

जीपमध्ये मी विचारलं, "उघडला असता तर आजच निकाल लागला असता ना, सर?"

"निकाल आपल्यासाठी लागला असता," ते म्हणाले.

मेलेला ऑपरेटर मिलिंद. आळंद तालुक्यातल्या खजुरीचा. आठवडाभर हुमनाबादला खोली करून राहायचा, सुट्टीला गावी. घरी बायको रमा आणि तान्ही मुलगी. चूक मिलिंदची ठरली असती तर गुन्ह्यात त्याचंच नाव लागलं असतं, कारखाना सुटला असता आणि त्या पोरीला जन्मभर बापाचा निष्काळजीपणा ऐकावा लागला असता. मिलिंदसोबत पाळीवर असलेला हेल्पर नागनाथही खजुरीचाच. हात भाजून घरी आला होता. आत काय झालं ते सांगू शकणारा जिवंत माणूस तो एकटा.

दुसऱ्या दिवशी कलबुर्गीहून कडगंची, आळंद करत आम्ही खजुरीला पोहोचलो. विहाराजवळ माणसं बसली होती. कोणी उठलं नाही. आमच्या आधी तो फोटो पोहोचला होता.

दत्तू अण्णा नावाचे एक म्हातारे शेतकरी पुढे होते. त्यांनी साहेबांकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"शाल कुठाय, साहेब? थंडी वाजंना का?"

माणसं हसली. साहेबांना मराठी समजत होतं, पण बोलताना ते अडखळत. तरी त्यांनी मराठीतच उत्तर दिलं.

"शाल घातली, खरं आहे. काढून ठेवली. फोटोत काढलेलं दिसत नाही."

"फोटुत न्हाई दिसत, अन् रिपोटात बी न्हाई दिसणार," मागून कोणीतरी म्हणालं. "मागं त्या दुसऱ्या कंपनीत झालं तवा बी आल्ते तुमच्यावानी. कामगाराची चूक म्हणून गेले."

"नागनाथ कुठे आहे?" मी विचारलं.

"झोपलाय. अन् उठणार न्हाई." हे दत्तू अण्णाच. "तुमी लिवणार कानडीत, त्यो आंगठा लावणार, अन् काय लिवलंय ते तुमालाच ठावं."

मी आळंदचीच. दोन्ही भाषा घरातल्या. पण आजवर तसंच चालत आलं होतं.

साहेब विहाराच्या पायरीवर बसले. त्यांनी खात्याची बाजू मांडली नाही, नियम सांगितले नाहीत. त्यांनी पाइपची गोष्ट सांगितली. मधे शब्द अडला की ते कन्नडमध्ये सांगत आणि मी मराठी करत होते. पिवळा निघाला तर काय, कोरा निघाला तर काय, सगळं. मग म्हणाले, "पाइप अजून बंद आहे. आत काय आहे मला माहीत नाही. उघडताना पंच म्हणून खजुरीची माणसं पाहिजेत."

"आमाला काय कळतंय पायपातलं?" दत्तू अण्णा म्हणाले.

"डोळे आहेत ना? दिसेल ते सांगायचं. बाकी मी बघतो."

तेवढ्यात समोरच्या घरातून रमा बाहेर आली. ती उंबऱ्यापासून ऐकत होती. तिने साहेबांना सरळ विचारलं, "पिवळा निघाला तर?"

कोणीही अधिकारी तिथे दोन गोड शब्द बोलला असता. मीही बोलले असते.

"तर तसंच लिहिणार, अक्का," साहेब म्हणाले.

मग रमा म्हणाली, "म्या येणार. मलाबी बघायचंय."

"घरच्या माणसाला पंच होता येत नाही. पण बघायला या."

दत्तू अण्णांनी डोक्यावरचा पटका काढून झटकला आणि परत बांधला. "मंग मी होतो पंच. खोटं लिवलं तर साहेब, त्याच पायपात घालीन तुमाला."

"पाइप लहान आहे," साहेब म्हणाले. पहिल्यांदाच लोक त्यांच्या बोलण्यावर हसले.

पाइप उघडायच्या दिवशी खजुरीहून एक टेम्पो भरून माणसं आली. मॅनेजर गेटवरच आडवे आले.

"सर, सेफ्टीचा प्रश्न आहे. बाहेरच्या माणसांना आत सोडता येत नाही."

"बरोबर," साहेब म्हणाले. "हेल्मेट द्या."

स्टोअरमधून नवी हेल्मेटं निघाली. प्लास्टिकच्या पिशवीतून अजून बाहेरही न काढलेली. दत्तू अण्णांनी पटक्यावरच हेल्मेट चढवायचा प्रयत्न केला, जमेना, तेव्हा बडबडत पटका उतरवला. नागनाथही आला होता. हाताला बँडेज होतं. तो सगळ्यांच्या मागे राहिला आणि मॅनेजरकडे बघायचं टाळत होता.

आम्ही गच्चीवर गेलो. दत्तू अण्णा आणि खजुरीचाच दुसरा एक पंच, दोघांनी आधी मोहर पाहिली. लाख अभंग होती. फिटरने बोल्ट सोडले आणि वळणाजवळचा पाइपचा तुकडा वेगळा करून आडवा ठेवला. साहेबांनी टॉर्च दत्तू अण्णांच्या हातात दिला. स्वतः बाजूला झाले. मीही वाकून पाहिलं नाही. माझ्या मागे रमा उभी होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

दत्तू अण्णा गुडघ्यावर बसले आणि पाइपमध्ये डोकावले.

"पिवळं न्हाई काई," ते म्हणाले. "धूळ हाय. अन् हे काय... कुंभारणीचं घर हाय की!"

कुंभारीण म्हणजे चिखलाची घरं बांधणारी माशी. प्रत्येक घराच्या कोपऱ्यात, देवळीत तिची घरं असतात. गच्चीवरच्या उघड्या तोंडातून शिरून तिने पाइपच्या वळणावर मातीच्या नळ्या रचल्या होत्या. एकही फुटलेली नव्हती. काहींची तोंडं अजून बंद होती, आत पिल्लं होती. ज्या पाइपमधून झाकण उडवणारी वाफ गेली असं कारखाना सांगत होता, त्यात बोटानं दाबली तरी भुगा होईल अशी मातीची घरं शाबूत होती.

साहेबांनी मॅनेजरना वाकून बघायला सांगितलं. ते बघून उभे राहिले आणि म्हणाले, "सर, आपण ऑफिसमध्ये बोलू या का?"

"बोलू. हे सगळे पण येतील."

वाफ गेली नाही हे आता ठरलं. पण का गेली नाही? चकतीच्या जागी काय होतं? ते पाइप सांगू शकत नव्हता. साहेबांनी नागनाथकडे पाहिलंसुद्धा नाही. ते महजर सांगत होते आणि मी लिहीत होते. लिहून झाल्यावर साहेब म्हणाले, "आता मराठीत वाच. मोठ्यानं." मी गच्चीवर उभी राहून वाचलं. दत्तू अण्णांनी एक सुधारणा केली. मी नुसतं मातीचं घर लिहिलं होतं, त्यांनी 'पिल्लं जित्ती' घालायला लावलं. मग दोन्ही पंचांनी सह्या केल्या.

ते ऐकून नागनाथ पुढे आला. "माजं बी असंच वाचणार का?"

"असंच," मी म्हणाले.

तिथेच गच्चीवर त्याने जबाब दिला. चकती आधीच एकदा, नुसतं पाणी भरून रिअ‍ॅक्टरचा दाब तपासताना, फुटली होती. नवीन यायला वेळ होता, ऑर्डर थांबवायची नव्हती. चकतीच्या जागी जाड पत्रा बसवायला सांगितलं होतं. तो मिलिंदने आणि त्याने मिळून बसवला. अपघातानंतर पत्रा काढून तिथे फुटलेली जुनी चकती धुऊन लावली गेली. बोलून झालं. मी कन्नडमध्ये लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवलं. 'आम्ही दोघांनी पत्रा बसवला' या वाक्याशी त्याने मला थांबवलं.

"येक राह्यलं, मॅडम. मिलिंद नको म्हणला होता. दोनदा. मंग मॅनेजर म्हणले, तुला जमंना तर घरी जा, तुज्या जागी दुसरा हाय. ते लिवा."

मी ते लिहिलं. रमा गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बसली. आतापर्यंत ती रडली नव्हती.

पुढे कलबुर्गीच्या ऑफिसातून साहेबांना फोन आला, चौकशीला जत्रा कशाला भरवली म्हणून. साहेब म्हणाले, "जत्रा नव्हती. पंच होते." केस कोर्टात गेली. कारखान्याच्या वकिलांनी दत्तू अण्णांना आडवंतिडवं विचारलं. खात्यानं तुम्हाला शिकवून आणलंय का? दत्तू अण्णा म्हणाले, "कुंभारीण वळखायला खातं कामून लागतंय, वकीलसाहेब? तुमच्या घरात बी असंल, माळ्यावर बघा." न्यायाधीशही हसले म्हणतात. चौकशीत मिलिंदची चूक आढळली नाही आणि कोर्टानेही तेच धरलं. मालक आणि मॅनेजर दोषी ठरले. मी नोकरीत पुष्कळ केसेस पाहिल्या, पण ही सांगताना माझी मान ताठ होते. त्यात माझं श्रेय थोडं. मी लिहिलं आणि वाचलं, एवढंच.

निकालानंतर आम्ही खजुरीला गेलो. रमाने चहा दिला. साहेबांनी तो घेतला. मी तिला विचारलं, "आता तरी सरकारी चौकशीवर विश्वास बसला का?"

"न्हाई," ती म्हणाली. "म्या सोता बगितलं म्हणून पटलं. ज्यानं बगितलं न्हाई त्यानं कामून मानावं?"

मला ते लागलं. एवढं करूनही नाहीच, असं वाटलं. जीपमध्ये मी तसं बोलून दाखवलं.

"बरोबर बोलली ती," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा प्रसन्न होता. "मागच्या चौकशीवर पुढची चालत नाही. पुढच्या गावालाही बोलवायचं."

तेव्हापासून मी तसंच करते. चौकशा लांबतात, माणसं फार प्रश्न विचारतात आणि हेल्मेटं नेहमी कमी पडतात.