पाकिटाचा उजवा कोपरा

वर्ध्याच्या वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी ताई गाणी लिहिते आणि स्वतःच म्हणते. यंदा तिने सहा गाण्यांचा अल्बम काढला, कुठल्याही कंपनीशिवाय. गाणी मोबाइलवरच ऐकायची होती, पण मोबाइलवरचं गाणं बोटाने सरकवलं की संपतं, असं तिचं म्हणणं. म्हणून हातात धरता येईल असं काहीतरी हवं होतं: पुठ्ठ्याचं चौकोनी पाकीट, आत गाण्यांच्या शब्दांची छोटी पुस्तिका आणि शेवटच्या पानावर स्कॅन करायचा कोड. ते पाकीट कसं दिसावं, हे ठरवायचं काम तिने माझ्यावर सोपवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कोणी काम दिलं की मला आधी भीतीच वाटते. ते चुकलं तर माझं इथे असणंच चुकीचं ठरेल, अशी.

मी आठ-दहा नमुने केले. कापसाची बोंडं काढली, ती ताईला सरकारी पोस्टरसारखी वाटली. स्वतःचा फोटो तिला नको होता. शेवटी ठरलं ते असं: बदामी पुठ्ठा, बारीक काळी अक्षरं, चित्र कुठलंच नाही, आणि उजवीकडचा वरचा कोपरा तिरपा कापलेला, म्हणजे आतल्या पुस्तिकेचा लाल रंग तेवढाच डोकावेल. ताई बराच वेळ बघत राहिली आणि "हेच" म्हणाली. त्या कोपऱ्याचा मला फार अभिमान वाटला होता, हे लिहायला हवं.

शेवटच्या गाण्यात माझ्या आईचा आवाज आहे. ताई दिवाळीनंतर आमच्या गावी आली होती. आई कापूस वेचताना गुणगुणत होती, ते तिने टिपून घेतलं. म्हणून पहिलं पाकीट आईला द्यायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलं. पुस्तिका छापून यायला चार दिवस होते, पण मला धीर नव्हता. आमचं गाव आर्वीच्या पुढे. गावातला एक दादा सकाळच्या एसटीने निघाला होता, त्याच्याकडे मी रिकामंच पाकीट दिलं, पारदर्शक प्लास्टिकमध्ये घालून.

स्टँडवरून मी कॉलेजात गेले आणि तास संपल्यावर, अकराच्या सुमारास, छापखान्यात. तो खरं तर लग्नपत्रिकांचा छापखाना. दीडशे पाकिटं कापून रचून ठेवली होती. कटिंग मशीनवरचे म्हातारे काका आठवडाभर सुटीवर होते, ते त्याच दिवशी कामावर आले होते. त्यांनी वरचं पाकीट उचललं.

"कोणाची तेरवी हाय, बाई?"

"तेरवी नाही काका. गाण्यांचं आहे."

"मंग कोपरा काऊन कापला?"

ते हसले. "मयताच्या पत्राचा कोपरा फाडत जाय पहिले. न वाचताच समजे. दारातच वाचायचं अन् तिथंच फाडून टाकायचं, घरात नाई न्यायचं. आता कोणाले माहीत हाय म्हना. आता त फोन येते."

मला माहीत नव्हतं. पण आईला नक्की माहीत असणार. आणि तिचा भाऊ, माझा मामा, आठ दिवसांपासून वर्ध्यातच दवाखान्यात भरती होता.

घरात एकच फोन. तो घेऊन बाबा सोयाबीन विकायला आर्वीला गेले होते, आणि तो बंद लागत होता. दादाला लावला.

"तुमच्या घरी कुलूप होतं व. दाराच्या कडीत अडकवून आलो. चांगलं दिसते पण. काय हाय ते?"

मिळाली ती एसटी मी पकडली. आई दुपारी शेतातून येते. मी मनात तिचा रस्ता चालत होते: बांध, नाला, शाळा, आमचं दार. तिची बीपीची गोळी आज घेतली असेल का? ती एकटीच असेल का, की बाया जमल्या असतील? मामाला मी परवाच भेटले होते, तो खिचडी खात होता. पण परवा म्हणजे आज नव्हे. मामीला फोन लावला, तिने उचलला नाही. पुन्हा लावला. मग मलाच वाटायला लागलं की कोपरा मी उगाच कापलेला नाही, हे आधीच कुठेतरी ठरलेलं होतं. असा विचार खुळा आहे, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी आर्वी येईपर्यंत तो गेला नाही.

घराचं कुलूप तसंच होतं. आई पायरीवर बसली होती, डोक्याचं फडकं न सोडता. पाकीट अंगणात, घरापासून जितकं लांब ठेवता येईल तितकं, दगडाखाली होतं. मला पाहून ती उठली नाही.

"कोण?" एवढंच म्हणाली.

"कोणी नाही आई. गाण्याचं पाकीट आहे ते. तुझ्या गाण्याचं."

"मामा?"

"बरा आहे," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं.

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी खोटी आहे हे तिला दिसलं असावं. मी पुन्हा मामीला फोन लावत होते, तेवढ्यात तिचाच आला. ती कपडे धुवायला गेली होती. मी फोन आईच्या कानाला लावला. पलीकडून मामाचा आवाज मलाही ऐकू आला. दवाखान्यातली भाजी अळणी असते, अशी तक्रार चालली होती. आई नुसती "हो, हो" म्हणत राहिली.

नंतर मी तिला सगळं सांगितलं. पाकीट मात्र ती आत नेऊ देईना.

"एकच कोपरा कापायचे ना?" मी विचारलं.

"एकच."

"आणि चारही कापले तर?"

"मंग ते काई नसते."

तिने कुलूप उघडून कात्री आणली. मी उरलेले तीन कोपरे पायरीवर बसून कापले, वाकडेतिकडे. उद्या छापखान्यात दीडशे पाकिटांचे तीन-तीन कोपरे कापायचे होते आणि त्याआधी ताईला तोंड द्यायचं होतं. आईने पाकीट चारी बाजूंनी फिरवून पाहिलं, एकेका कोपऱ्यावर बोट ठेवून, आणि मगच उंबऱ्याच्या आत नेलं.

"आता काई द्यायचं असलं," ती आतून म्हणाली, "त तूच घेऊन येजो."