तपासणीच्या पुढे धावणारा सिलिंडर

मंगळवार, दि. २० ऑगस्ट २०२४. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी गोंदिया जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्णवाहिका अत्यवस्थ रुग्णाला घेऊन निघाली, तेव्हा तिच्यात प्राणवायूचा सिलिंडर नव्हता. त्याच दिवशी अकरा वाजता लोकप्रतिनिधींच्या तपासणी समितीने तो सिलिंडर डोळ्यांनी पाहून नोंदवहीत सही केली होती. केंद्राचे आणि माणसांची खरी नावे येथे देत नाही. चालकाची नोकरी अजूनही दर अकरा महिन्यांनी नव्याने निघणाऱ्या नेमणुकीच्या आदेशावर टांगलेली आहे.

त्याला रत्नपाल म्हणू. चाळिशी ओलांडलेला, मोजके बोलणारा माणूस. पूर्वी धानाच्या बांधीत ट्रॅक्टर चालवी. गेली नऊ वर्षे रुग्णवाहिका. आदेशाची मुदत संपत आली की त्याचे जेवण सुटे. याच भीतीपोटी तो एका रिवाजापुढे मान तुकवत आला होता. तालुक्यातील केंद्रांकडे भरलेले सिलिंडर कमी. म्हणून समिती एका केंद्रात चहा घेत असताना तिने नुकताच पाहिलेला सिलिंडर मोटारसायकलवरून पुढच्या केंद्राकडे रवाना होई. समितीला दिसे तो प्रत्येक सिलिंडर खरा असे. फक्त तो सगळीकडे एकच असे.

त्या दिवशी लिपिक इंद्रकुमार रत्नपालच्या गाडीतला सिलिंडर मोटारसायकलला दोरीने बांधत होता.

"बाबू, माझी गाडी रिकामी होऊन राहिली," रत्नपाल म्हणाला.

"टेन्शन काऊन घेतोस बे? सांजेले वापस येते. पोरगी सासरी धाडल्यावानी तोंड नको करू."

साडेअकराला शेतातून रुक्माबाईंना उचलून आणले. निंदण करताना पायाला नाग डसला होता. डॉक्टर मॅडमनी विषावरचे इंजेक्शन दिले, तरी बाईंच्या पापण्या खाली उतरू लागल्या आणि श्वास उथळ झाला. केंद्रातला उरलेला एकमेव सिलिंडर प्रसूतीच्या खोलीत एका तान्ह्या बाळाला लावलेला होता.

"गोंदियाला न्या. वाटेत ऑक्सिजन चालू ठेवा. गाडीत आहे ना?"

"हो, मॅडम," रत्नपाल म्हणाला. नऊ वर्षांच्या भीतीने त्याच्या तोंडून ते वदवून घेतले.

गाडी रस्त्याला लागली तेव्हा सोबतच्या परिचारिकेने विचारले, "भाऊ, सिलिंडर कुठं?" त्याने वेग वाढवला. तिने श्वासाचा फुगा हाताने दाबायला घेतला. सून रीना सासूचे पाय धरून बसली होती.

"दादा, मायचे डोळे उघडून नाही राहिले! काही तर करा ना!"

रत्नपालने मनात अंतर मोजले. गोंदिया बेचाळीस किलोमीटर. सोळाव्या किलोमीटरवर पुढचे केंद्र. तिथे सिलिंडर होता आणि तिथेच समिती होती. थांबलो तर लबाडी उघडी पडेल, आदेश जाईल. न थांबलो तर मागे काय होईल, ते त्याला आरशात दिसत होते.

"ओठ निळे पडून राहिले, भाऊ," परिचारिका म्हणाली.

त्याने गाडी केंद्राच्या फाटकात घातली. समितीचे तिघे तिथल्या रुग्णवाहिकेच्या मागच्या दाराशी उभे होते. "दाबाचा काटा बरोबर, लिहा," असे एक जण सांगत होता. रत्नपालने त्यांच्यामधून हात घालून पट्टा सोडला आणि सिलिंडर खांद्यावर घेतला.

"ए, कुठं नेऊन राहिला? तपासणी चालू आहे!" अध्यक्ष ओरडले.

"साहेब, यालेच तुमी अकरा वाजता माझ्या गाडीत तपासलं. बाई मरून राहिली."

कोणी अडवले नाही. त्याने सिलिंडर आपल्या गाडीत चढवला, परिचारिकेने नळी जोडली आणि गाडी गोंदियाकडे सुटली.

रुक्माबाई पाच दिवस कृत्रिम श्वासावर राहून जगल्या. समितीच्या अहवालात दोन्ही केंद्रांपुढे 'सिलिंडर उपलब्ध' असेच लिहिले आहे. रत्नपालला मात्र दुसऱ्या केंद्राचे साहित्य विनापरवाना नेल्याबद्दल 'कारणे दाखवा' नोटीस मिळाली. खरे कारण लिहावे, तर त्याने स्वतः 'हो' म्हटल्याचेही लिहावे लागते. कोरा कागद पुढे घेऊन तो रोज बसतो आणि एकही ओळ न लिहिता उठतो.

वाचकहो, समितीवरची माणसे तुम्ही निवडून दिलेली आहेत. येत्या ग्रामसभेत उभे राहा आणि ठराव करून घ्या: रुग्णवाहिकांची तपासणी आगाऊ न कळवता आणि तालुक्यातील सर्व केंद्रांवर एकाच वेळी झाली पाहिजे.