आत्याला न सांगितलेला पगार

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी पगाराचं काम बघते. कुणाचा ओव्हरटाइम, कुणाचा पीएफ, कुणाची कपात, सगळं माझ्या कॉम्प्युटरमध्ये. मागून कुणी डोकावू नये म्हणून खुर्ची भिंतीला टेकवून घेतलीय, आणि चहाला उठले तरी स्क्रीन लॉक करते. नवरा म्हणतो, ही झोपतानाही तोंड लॉक करून झोपते.

माझं माहेर मुर्ध्याचं. तिथे सकाळी कुणाच्या घरात काय बिनसलं ते दुपारपर्यंत गावभर झालेलं असतं, आणि या खात्याची प्रमुख माझी आत्या. तिने मला अंगाखांद्यावर खेळवलंय, त्यामुळे माझ्यावर तिचा हक्क मोठा. तिच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या आतेबहिणीसाठी, आमच्याच कारखान्यातला एक मुलगा सांगून आला. बघण्याचा कार्यक्रम झाला, दोघं एकमेकांना फार आवडली. दुसऱ्याच दिवशी आत्या सिल्व्हर पार्कला माझ्या घरी हजर. उत्तनच्या सुक्या बोंबलांची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "पोराला पगार किती गो?"

"आत्या, ते नाही सांगता येत."

"मी काय परकी हाय?"

परकी असती तर बरं झालं असतं. परक्या माणसाला नाही म्हणायला काय लागतं? बोंबील ठेवून ती तणतणत गेली.

मग तिने सरळ मुलाकडेच पगाराची स्लिप मागितली. बिचाऱ्याने लगेच फोनवर पाठवली. आमच्या स्लिपा जन्मतारीख टाकल्याशिवाय उघडत नाहीत. आत्याकडे पत्रिका होतीच. तिच्यातली तारीख टाकली, उघडेना. मुलीने टाकून पाहिली, तरी उघडेना. झालं, आत्याने निकाल लावला: पत्रिका तरी खोटी नाहीतर स्लिप तरी. मला फोन आला. "पोरगा फसवतोय. तुला सगळं ठाव हाय. सांग, न्हायतर मी नकार कळवते."

माझ्या लगेच लक्षात आलं. आमच्याकडे तारीख शाळेच्या दाखल्यावरून घेतात, आणि शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने एक जून लिहिलेली मुलं काय थोडी आहेत? आमच्या कारखान्यात निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनलाच येतो. एका वाक्याचं काम होतं. पण ती तारीख त्याची, आणि ती सांगणं म्हणजे त्याच्या कुलपाची किल्ली मी दुसऱ्याच्या हातात देणं. फोनमधून मागे आतेबहिणीचं रडणं ऐकू येत होतं. माझा जीव तुटत होता, आणि आत्याचा रागही येत होता.

"त्यालाच विचार," मी म्हणाले. "एक दिवस थांब आणि त्याला विचार."

"रक्ताची माणसं परकी झाली तुला," असं म्हणून तिने फोन आपटला.

सकाळी मी त्या मुलाला गाठलं. "स्लिप कुणाला पाठवली असशील तर स्वतः जाऊन उघडून दाखव. कुलूपबंद वस्तू पाठवून काय उपयोग?" त्याने जीभ चावली. संध्याकाळी शाळेचा दाखला घेऊन तो मुर्ध्याला गेला, त्यावरची तारीख टाकून स्लिप उघडून दाखवली आणि लग्न ठरलं. आत्याने मात्र साखरपुड्यात भेटेल त्याला माझं गाऱ्हाणं सांगितलं. "आमचीच पोर, पण पोटातलं ओठावर येईल तर शप्पथ!"

लग्न तोंडावर आलं असताना एका दुपारी ती एकटीच माझ्या घरी आली. आल्या आल्या दार लावून घेतलं, माझा हात धरून स्वतःच्या काखेपाशी नेला.

"गाठ हाय. पोरीचं लग्न होईपर्यंत कुणाला सांगायचं न्हाय. तिला तर बिलकूल न्हाय. तुला सांगते, कारण तू सांगणार न्हायस."

"नाही सांगणार. पण उद्या डॉक्टरकडे जायचं."

तिने तोंड वाकडं केलं, पण आली. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासायला दिला. रिपोर्टला आठवडा लागणार होता. इकडे घरात बांगड्या, आहेर, पाहुणे, आणि आतेबहिणीचा मला रोज फोन. "आई जेवत नाही गं. तुला काही बोलली का?" मी म्हणायची, लग्नाचं टेन्शन असेल. फोन ठेवला की बाथरूमचा नळ सोडून रडायची.

गाठ साधी निघाली. आत्या इतकी खूश, की रिक्षातूनच तिने एकेका नातेवाइकाला फोन लावले. "लिंबाएवढी होती गो!" असं सांगताना फोनवरसुद्धा बोटांनी माप दाखवत होती. मला हसू आवरेना.

हळदीच्या दिवशी आतेबहीण माझ्या शेजारी येऊन बसली. हाताला ओली हळद होती.

"तुला माहीत होतं."

"हो."

"आणि साधी नसती निघाली तर? तेव्हाही मला सांगितलं नसतंस?"

सगळे दिवस मी स्वतःला हेच विचारत होते. मी तिचा हात धरला. तिने तो लगेच सोडवून घेतला नाही.