चार नंबरची प्रत

दिगंबर काळे यांचं निधन गेल्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी, पुंडलिकनगरमधल्या राहत्या घरी झालं. कारण हृदयविकार. मला तासाभरात फोन आला. आम्ही करमाडच्या शाळेपासूनचे मित्र. तो चित्रकलेचा शिक्षक झाला, मी वार्ताहर.

समुद्र आम्ही दोघांनी चाळिशीत पहिल्यांदा पाहिला, हर्णैला. भर दुपारचं ऊन, पांढरी पडलेली वाळू, किनाऱ्याला टेकलेली एक होडी... दिगंबर तीन तास रेखाटत बसला. मी म्हणालो, "अरे, भाजशील." "भाजू दे. आपल्याकडं ऊन लई, पण असं नाय." निवृत्तीनंतर त्यानं त्या रेखाटनावरून लाकडी ठोकळे कोरून रंगीत छापा केला. प्रती फक्त बारा. "पहिल्या तिनांत शाई नीट बसत नाय. चौथी खरी. ती तुझी," म्हणत त्यानं एक माझ्या हातात दिली. खाली पेन्सिलीनं ४/१२ आणि सही.

मर्यादित प्रती काढणाऱ्यांची एक रीत असते. ठरलेल्या प्रती झाल्या की रेषांच्या मुख्य ठोकळ्यावर तिरकी खाच मारायची, म्हणजे त्यावरून पुन्हा धड छापा निघत नाही. मग त्या खाचेसकट एक छापा पुरावा म्हणून काढायचा. दिगंबरनं हे माझ्यासमोर केलं. पटाशी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ओढली आणि म्हणाला, "बघ, संपला." पुराव्याचा छापा काढताना तो माझ्याकडं बघत नव्हता. मला ते दुःख वाटलं. मी बातमी दिली: ठोकळा प्रस्तुत प्रतिनिधीसमक्ष बाद करण्यात आला, तेरावी प्रत निघणार नाही. सोबत पुराव्याच्या छाप्याचं छायाचित्र. नोकरीच्या सगळ्या वर्षांत माझ्या एकाही बातमीवर खुलासा छापावा लागला नव्हता. मी ते लोकांना सांगत असे.

दहाव्यानंतर आम्ही त्याच्या बैठकीत बसलो होतो. शेजारी त्याच्या शाळेतले सहकारी, हर्सूलचे पठाडे सर. मी म्हणालो, "त्याचा समुद्र आहे माझ्याकडं. चार नंबर."

"चार? चार तर माझ्याकडंय."

"नऊ असेल, सर. चष्मा बदला."

"मागच्याच महिन्यात बदललाय. चौथी म्हणजे दुधावरची साय, असं म्हणून दिली त्यानं." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. ४/१२. सही तीच. दोघंतिघं हसले. मग कोपऱ्यातून दिगंबरचा मेव्हणा म्हणाला, "मलाबी चारच..." आणि हसणं थांबलं.

वहिनी उठून आत गेल्या. दिवाणातून जुन्या साडीत गुंडाळलेला ठोकळा आणून त्यांनी माझ्यापुढं ठेवला. तो मुख्य ठोकळा होता. त्यावर खाच नव्हती.

"मग माझ्यासमोर कापला तो कुठला?"

"तो बिघडलेला होता, भाऊजी. छाप्यात सगळं आरशासारखं उलटं उमटतं, म्हणून ठोकळा उलटा कोरावा लागतो ना? पहिल्या खेपेला तेच विसरले. टाकून दिला होता."

"पण माझ्याशी असं का?"

त्यांनी साडीची घडी घातली. "त्यांच्यानं कुणाला नाय म्हणवत नव्हतं... आन् तुम्ही लिहिलं की लोक मानतात, असं म्हणायचे."

तो खोटं बोलला तर मी ओळखीन, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. म्हणून त्या बातमीची दुरुस्ती इथं देतो. ठोकळा बाद झालेला नाही. प्रती बारापेक्षा जास्त निघाल्या का, हे वहिनींनाही माहीत नाही. चौथ्या क्रमांकाची एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरीचा फोटो मी पाहिला आहे, तिसरीबद्दल ऐकलं आहे.

घरी येऊन मी कात्रण काढलं. माझ्या भिंतीवरच्या प्रतीत होडी उजवीकडे आहे. छापून आलेल्या छायाचित्रात, खाचेच्या खाली, ती डावीकडे आहे. बातमीवर माझं नाव आहे.