गळाची खूण

रायपूरच्या बूढापाऱ्यात नरहर दिघोरेंचं घर विचारलं, तर लोक डोकं खाजवायचे. 'गरीवाले बाबू' म्हटलं की थेट दारापर्यंत आणून सोडायचे. गरी म्हणजे इकडच्या बोलीत मासे धरायचा गळ. सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा हा माणूस सहा दिवस टपालावर शिक्के मारायचा आणि सातव्या दिवशी माणसात यायचा. रविवारी उजाडलं की लुनाला बांबूची काठी बांधून स्वारी महादेवघाटावर, खारून नदीच्या पायऱ्यांवर. दुपारी परत येताना पिशवीतून ओली शेपटी लोंबत असे. तीस वर्षांत हा नेम एकदाच चुकला, मंजिरी जन्मली त्या रविवारी. तेव्हाही, पोरीला सोमवारपर्यंत थांबायला काय झालं होतं, असं त्याच्या मनात येऊन गेलंच.

मग नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली. भोपाळहून ट्रकांतून फायली आल्या, फायलींमागून साहेब आले, टपाल चौपट झालं. साहेब लोक रविवारीही बोलवायचे. नरहर सरळ सांगे, "साहब, इतवार को मैं नदी का नौकर हूँ." साहेब हसून सोडून देत.

आणि असा हा माणूस एका रविवारी उठलाच नाही. काठी माळ्यावर गेली, गळांचा डबा ट्रंकेत गेला. कोणी विचारलं की म्हणे, "वय झालं." पंचावन्नचं वय! बायकोला, म्हणजे इंदूला, ते कारण पटलं नाही. पण ती तेव्हा नागपूरच्या दवाखान्यातून पोटाचं ऑपरेशन करून नुकतीच परतली होती. तिनं मनाशी ठरवून टाकलं, की आपल्या दुखण्याला कंटाळून ह्यांचा सगळ्यातूनच जीव उठला.

खरी गोष्ट वेगळी होती, आणि ती महादेवाखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, नागपूरची गाडी धरण्याआधी, नरहर घाटावरच्या देवळात गेला होता. लोक काशीला जाऊन भाजी सोडतात. कारलं सोडतात, नाहीतर दोडका, म्हणजे मुळात जे नकोच असतं ते. नरहरला देवाशी असला सौदा करवला नाही. "माझी इंदी चालत घरी येऊ दे," तो म्हणाला, "मी गळाले, दोरीले, पाण्यातल्या मासोळीले हात लावणार नाही. जन्मभर." इंदू चालत घरी आली. नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं त्याची आई सांगायची. म्हणून तो गप्प राहिला. रविवारी अंगणात बसून वर्तमानपत्रातली एकच बातमी चार-चारदा वाचायचा.

वर्षभरानं दुखणं पुन्हा उठलं. यावेळी डॉक्टर म्हणाले की ऑपरेशन नको, सलाईनमधून औषधं द्यावी लागतील. पण इंदूचं वजन इतकं उतरलं होतं, की ते औषध तिला सोसणार नव्हतं. "पंधरा दिवस देतो," डॉक्टर म्हणाले. "पोटात अन्न जाऊ द्या. दोन किलो तरी वाढले पाहिजेत. नाहीतर सुई लावता येणार नाही." सुई लावली नाही तर पुढं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि नरहरनं विचारलं नाही.

इंदूच्या घशाखाली काही उतरेना. पेज उलटून पडायची, वरणाचं पाणी उलटून पडायचं. मंजिरी ऑफिसातून आली की पहिल्यांदा ताट पाहायची आणि बापाकडं वळून म्हणायची, "बाबा, आई ने आज भी कुछ नहीं खाया." तिचं मराठी कानापुरतंच होतं, तोंडात हिंदी. नरहर रजा टाकून खाटेशी बसून होता. पाच दिवस गेले, सात गेले.

आठव्या दिवशी इंदू आपणहून बोलली. "मले रोहूचं डोकं खावंसं वाटून राहिलं."

मंजिरी चप्पल पायात अडकवून तशीच धावली आणि बाजारातून रोहू घेऊन आली. कालवण झालं. इंदूनं एक घास तोंडात घेतला आणि वाटीत थुंकला. ती भंडाऱ्याकडच्या ढीवराची, म्हणजे कोळ्याची लेक; बापाच्या डोंग्यात बसून मोठी झालेली. "बरफात झोपलेली मासोळी हाय ही. आंध्राची." मग नवऱ्याकडं पाहून म्हणाली, "मले तुमच्या हातची पायजे. नदीची. जाल काय एक डाव?"

एकतीस वर्षांच्या संसारात ह्या बाईनं साडीसुद्धा तोंड उघडून मागितली नव्हती. नरहर उठून मागच्या अंगणात गेला आणि भिंतीला डोकं टेकून उभा राहिला. गळ धरावा तर नवस मोडतो, आणि ज्या देवानं ती दिली तोच परत घेऊन जाईल. न धरावा तर ती उपाशी जाते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये उभं राहायलाही जागा नाही. तो लहान पोरासारखा रडला. मग नळाखाली तोंड धुतलं.

पण जन्म सरकारी कचेरीत गेलेला. कुठल्याही हुकुमाला पळवाट असते, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक! त्यानं नवसाचा शब्दन् शब्द आठवून पाहिला. गळाला हात लावणार नाही म्हटलं होतं. गळाशेजारी बसणार नाही असं कुठं म्हटलं होतं? दुसऱ्याला सांगणार नाही, असं तर मुळीच म्हटलं नव्हतं. सकाळी त्यानं मंजिरीकरवी काठी लुनाला बांधून घेतली आणि घाटावर भैय्यालालला गाठलं.

भैय्यालाल केवट घाटावर नाव चालवायचा. जाळं टाकण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, पण उन्हाळ्यापूर्वीच्या ह्या दिवसांत मोठा मासा खोल डोहात बसतो आणि जाळ्याला हुलकावणी देतो. डोहात गळच हवा. आणि गळाच्या कामात भैय्यालाल अगदी कच्चा. एका जागी बसणं म्हणजे त्याला शिक्षाच वाटायची.

"तैं काबर नइ धरस, भैया?" त्यानं विचारलं. तू स्वतः का नाही धरत?

"मेरे हाथ में तकलीफ है," नरहर म्हणाला. तसं ते खोटंही नव्हतं.

चार दिवस काही लागलं नाही. नरहर शेजारी बसून सांगायचा: पीठ आणखी मळ, पेंड जास्त घाल, दोर सैल ठेव, खोकू नकोस. त्याचे स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले असायचे. रोज घरी गेलं की इंदू खाटेवरून विचारायची, "लागली काय?" तो मान हलवायचा. ती भिंतीकडं तोंड करायची. तिचे गाल आता इतके बसले होते, की दिव्याखाली त्याला तिच्याकडं पाहवत नसे.

पाचव्या दिवशी, म्हणजे वजन करायला न्यायच्या आदल्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला दोरीला बांधलेला तरंडा पाण्यावर एकदा डुलला, आडवा झाला आणि गडप झाला.

"मार!" नरहर ओरडला. भैय्यालालनं काठी उचलली. चरखी किंचाळली, दोरी डोहाच्या पार दुसऱ्या टोकाला पळाली. पहिल्या धावेतच नरहरनं ओळखलं की रोहू आहे, आणि दहा किलोला उणी नाही. "खींच मत! जाने दे! अब लपेट, धीरे, धीरे, अरे धीरे रे बाबा!" अर्धा तास हे चाललं. मासोळी तळाशी जाऊन दगडासारखी बसायची, मग उसळी घ्यायची. एकदा तिचं अंग उन्हात आलं, लाल परांसकट, तेव्हा पायऱ्यांवर धुणं धुणाऱ्या बायाही थांबून पाहायला लागल्या. नरहरच्या डोळ्यांसमोर नदी नव्हती. वाटीत ते डोकं होतं, आणि इंदू चोखून चोखून खात होती, आणि डॉक्टर काट्यावरचा आकडा वाचून मान डोलवत होते.

मासोळी थकली. कूस वर करून पायरीशी आली. खालच्या पायरीवर गुडघाभर पाणी, शेवाळ आणि तिचं पांढरं पोट, नरहरच्या पायापासून हातभर अंतरावर. भैय्यालालच्या दोन्ही हातांत काठी होती. मासा उचलायचा झोला नावेत राहिला होता.

"भैया, धर! गलफड़ा में हाथ डार! जल्दी!"

कल्ल्यात हात घालायला नरहर वाकला. हात पाण्यात गेला. बोटांना तिचा थंड, बुळबुळीत गाल लागणार, इतक्यात त्याला देवळातली घंटा ऐकू आली. कोणीतरी दर्शनाला आलेलं, रोजचीच घंटा. पण हात तिथंच थांबला. पाण्यातल्या मासोळीले हात लावणार नाही. जन्मभर. हात लावला आणि तिकडं घरी, ह्याच घटकेला, इंदीचा श्वास थांबला तर?

एवढाच वेळ. एक श्वास घ्यायला लागतो तेवढा. मासोळीनं शेपटी आपटली, दोरी पायरीच्या धारेवर घासली गेली आणि तुटली. ती लगेच पळालीही नाही. क्षणभर तिथंच उभी राहिली, कल्ले हलवत, जणू तिलाही खरं वाटत नव्हतं. मग हळूच खाली उतरत गेली.

दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात. इथं तर नवसच घेऊन गेला. नरहर कपड्यांनिशी पाण्यात उतरला. छातीपर्यंत आत गेला आणि दोन्ही हातांनी पाणी चाचपू लागला. हात लावू नये म्हणून जिला सोडली, तिलाच आता दोन्ही हातांनी शोधत होता. "ये ना," तो म्हणत होता, "ये ना वो माय, ये ना." भैय्यालालनं त्याला काखेत धरून ओढत काठावर आणलं, तेव्हा त्याचे दात वाजत होते.

ओल्या कपड्यांनी तो लुना चालवत निघाला. लाखेनगरच्या वळणावर भीमाबाई मासळी घेऊन बसते. तिच्या पेटीत बर्फावर एक मोठी रोहू होती. नरहर थांबला. तीन किलोची असेल. त्यानं ती घेतली, तिथल्याच नळावर दहादा धुतली, नदीच्या पाण्यानं भिजलेल्या पोत्यात गुंडाळली आणि घरी येऊन दारातूनच ओरडला, "इंदे, लागली!"

खाटेवर इंदू कोपरांवर उठून बसली. कित्येक दिवसांनी तिच्या डोळ्यांत काही हललं. नरहरला तोंड लपवायला जागा हवी होती, म्हणून तो चुलीशी गेला. कालवण त्यानंच केलं, जवस वाटून घातलं, तिच्या माहेरी करतात तसं. मंजिरीनं भात वाढला आणि डोक्याची वाटी आईपुढं ठेवली.

इंदूनं लगेच खाल्लं नाही. ढीवराच्या लेकीसारखं आधी डोकं बोटानं उलटसुलट केलं. वरचा ओठ चाचपला, खालचा ओठ, मग दोन्ही कोपरे. पुन्हा एकदा वरचा ओठ.

"याले गळ कुठं लागला होता?"

तीस वर्षं मासे धरलेला माणूस, आणि एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. गळाची मासोळी ओठावर भोक घेऊन येते. जाळ्यातल्या, बर्फातल्या मासोळीचा ओठ कोरा असतो. कचेरीत साहेबांपुढं तो डोळ्याची पापणी न लववता थापा मारायचा. इथं तो खाटेच्या पायथ्याशी खाली बसला आणि सगळं सांगून टाकलं: भीमाबाई, डोह, दहा किलो, पायरी, थांबलेला हात. आणि शेवटी नवस.

"आँ? कौन सी मन्नत?" मंजिरी म्हणाली.

इंदूनं वाटी बाजूला सारली. "म्हणजे तुमचा जीव नव्हता उठला?"

"नाही."

"मले वाटे, मी बिमार पडली न् तुमाले घर, मासोळी, मी, साऱ्याचाच वीट आला. वर्षभर हेच मनात घेऊन निजली मी." तिचा आवाज फाटला. "काहून नाही सांगितलं हो? माझ्या जिवाचा नवस, न् मलेच ठाव नाही?"

"सांगितला तं फळत नाही म्हणतात."

"न् आता?"

नरहरनं खाटेच्या कडेवर कपाळ टेकवलं. "मले माफ कर वो इंदे. हातात आली होती."

वरून वाटी सरकल्याचा आवाज आला. त्यानं मान वर केली. इंदूनं भात कालवून घेतला होता.

"बरफाचा वास येऊन राहिला," ती म्हणाली आणि घास तोंडात घातला. तिचं सगळं तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, घसा उलटून येऊ लागला. तिनं तोंडावर हात दाबून धरला आणि गिळलं. लगेच दुसरा घास घेतला.

"राहू दे, इंदे. नको खाऊ."

"चूप बसा. उद्या वजन करायचं हाय."

तिसरा घास गेला, चौथा गेला. चौथ्यानंतर ती थांबली, श्वास घेतला. एवढ्याशा हातात माशाचा गाल धरून तिनं विचारलं, "केवढी होती हो ती?"

नरहरनं दोन्ही हात पसरले. ते थरथरत होते, म्हणून मासोळी कधी मोठी होत होती, कधी लहान.

"नीट दाखवा," इंदू म्हणाली आणि पाचवा घास उचलला.