अण्णा जेवले मालनबाईंकडे

कुंदाच्या घाटकोपरच्या दोन खोल्यांत कोण जेवलं नाही? नवऱ्याचा, म्हणजे विद्याधरचा, मावसभाऊ नंदू नोकरी शोधायला म्हणून आला तो सात महिने झाले तरी हलला नव्हता. आत्याबाई देवदर्शनाला आल्या, आठ दिवस राहिल्या आणि जाताना लोणच्याची बरणी उचलून घेऊन गेल्या. मुंबईला गेल्यावर उतरायचं कुठे, हा प्रश्न सासरच्या एकालाही कधी पडला नाही. पडला तो एकट्या अण्णांना, तिच्या सख्ख्या बापाला.

कारण कुंदाला मूल नव्हतं. लेकीची कूस उजवेपर्यंत तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. इतर बाप वर्ष-दोन वर्षं कळ काढतात आणि नातू झाला की लेकीकडे ऐटीत पाटावर बसतात. चौपन्न साली कुंदाच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. रीत घालून देणारा मेला कधीचा, जळत राहिली ही पोर!

अण्णा राजापूरहून मोतीबिंदू काढायला आले. ऑपरेशनचा नंबर पंधरा दिवसांनी लागला. तोवर ते स्टेशनाजवळच्या धर्मशाळेत उतरले आणि शेजारच्या मालनबाईंच्या खानावळीत जेवू लागले. तिथलं जेवण म्हणजे नुसतं पोटाला आधार. संध्याकाळी ते कुंदाकडे यायचे, गॅलरीत बसायचे, आणि तहान लागली की उठून चालू पडायचे. आत नंदूभावजी तिसऱ्यांदा भात मागत असायचे. कुंदाच्या जिवाची नुसती आग व्हायची.

शेवटी ती मालनबाईंकडे गेली. "डबा मी आणते. तुम्ही फक्त वाढा. त्यांना धड दिसत नाही."

"लेकीचं खाल्लं तर बापाला काय विंचू चावतो?" मालनबाई फटकळ होत्या. "आण गं तू. बघते मी."

तीन दिवस अण्णा जेवले. कुंदा चुलीकडच्या दाराआड उभी राहून बघायची. भाजी पुन्हा मागितली की तिला रडूच यायचं. अकरा वर्षांत इतकं सुख तिला कुणी दिलं नव्हतं.

चौथ्या दिवशी हौसेनं घात केला. तिनं कुळथाचं पिठलं केलं, थेट आईसारखं, आमसूल घालून, वर ओलं खोबरं पेरून. दुसऱ्या घासाला अण्णांचा हात थांबला.

"मालनबाई, हे कुणी केलं?"

फटकळ मालनबाईंची मान नेमकी चुलीकडच्या दाराकडे वळली.

"कुंदे, बाहेर ये."

ती आली.

"किती दिवस चाललंय?"

"चार."

अण्णांनी ताट सरकवलं, उठून चूळ भरली. "माझा नेम मोडलास. डोळे अधू झाले म्हणून बापाला फसवलंस."

"अण्णा, मला मूल होणार नाही." विद्याधरशिवाय हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. "डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलंय. मग माझ्या हातचं तुम्ही जेवणार कधी? सांगा ना."

अण्णांचा चेहरा उतरला, ते पाटाकडे वळले. कुंदाला वाटलं, आता बसतील. आणि खरंच ते बसले. पण पलीकडच्या पाटावर.

"मालनबाई," ते म्हणाले, "तुमच्या हातची भाकरी वाढा."

मालनबाईंनी वाढली. अण्णांनी ती मालनबाईंच्याच आमटीत कुस्करली आणि सगळी संपवली. कुंदा समोरच उभी होती.