विरोधातली रत्नाअक्का

प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत रत्नाअक्का खाली बसायची नाही. पदर खोचून उभी राहायची. आमच्या पंचायतीच्या अध्यक्षपदाला आम्ही दोघी उभ्या होतो. जागा बाईसाठी राखीव होती. मी निवडून आले, ती नुसती मेंबर राहिली.

अध्यक्ष मी असले तरी बैठकीत बोलायचे आमचे मालक. गावोगावी हेच चालतं, मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पहिल्याच बैठकीत अक्कानं विचारलं, "आमच्या गल्लीत नळ कवा येणार?" मालक सांगायला लागले, तसा तिनं हात वर केला. "अण्णा, तुम्ही बसा. अध्यक्ष तुम्ही हाव का?"

सगळे हसले. ती उभीच. शेवटी मी पुटपुटले, "बघून सांगते." मेलीनं चारचौघांत अब्रू काढली म्हणत घरी येऊन रडले. पण पुढच्या बैठकीआधी झक मारत तिच्या गल्लीत गेले आणि पाइपलाइन स्वतः बघून आले.

असं वर्षभर चाललं. मालकांचं बैठकीला येणं हळूहळू बंद झालं. एकदा कमलनगरच्या बसस्टँडवर ती एकटी भेटली, तेव्हा विचारलंच, "अक्का, कामून माझ्याच मागं लागलाव?"

"तू पडलीस तर माझं काय भलं व्हायलंय?" ती म्हणाली. "लोक म्हणतेत, बायकांना जमंना. मग पुढच्या बारीला मला कोण उभं करंल? नीट कर बाई. मला तुझ्याशी पुन्हा लढायचं हाय."

ती लढत झालीच नाही. अक्काला कॅन्सर झाला. 'मला बोलायला तुम्ही शिकवलंत', आज हे सांगायचंच, असं ठरवून मी बीदरच्या दवाखान्यात गेले. खाटेवरूनच तिनं विचारलं, "ग्रामसभा कवा हाय?"

"सोमवारी."

"मग हितं काय करायलीस? जा, तयारी कर."

मी उठले. सांगायचं ते राहूनच गेलं. सोमवार उजाडायच्या आत अक्का गेली.

आमच्या लिंगायत घरात कुणी भेटलं की 'शरणु' म्हणायची रीत. ती भेटली की जयभीम म्हणायची, आणि मी नुसती मान हलवायची. आमची माणसं बघतील ना! ती गेली त्या दिवशी तिच्या अंगणात, सगळ्या गावासमोर, मी हात जोडून मोठ्यानं जयभीम म्हणाले. तिच्या लेकीनं माझे हात धरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हेच अक्का जिती असताना म्हणायला माझी जीभ झडली होती का?